सारिकाच्या बाजूची रेघ

उज्ज्वला दिवटेला त्या दिवशी काहीही होत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाही म्हणायला पाठ दुखत होती. पण येवल्याच्या कोष्टी गल्लीत पाठदुखीला कोणी दुखणं म्हणत नाही. माग आला की पाठ आली. तिच्या सासूची दुखायची, आजेसासूची दुखायची, आणि जिची दुखत नाही ती नुसती बसून खाते, असं गल्लीचं मत होतं.

तरी ती तपासणीच्या गाडीकडे गेली. आठ वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती. केस गेले, परत आले, विषय संपला असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पण दोन वर्षांपासून नवा नियम निघाला होता. कॅन्सर होऊन गेलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पाठीचा कणा दाखवायचा. त्यासाठी एक लांबलचक पांढरी गाडी तालुक्यांच्या गावी फिरायची. मागच्या वर्षी उज्ज्वलाने "काठ चाललाय, वेळ नाही" म्हणून ती चुकवली होती. या वर्षी तिला वेळच वेळ होता, कारण तिची जाऊ तिच्याशी बोलत नव्हती आणि माग निम्म्या चालीने चालला होता.

जाऊ म्हणजे सारिका, धाकट्या दिराची बायको. दोन गल्ल्या सोडून राहायची. गेली सव्वीस वर्षं रोज सकाळी नऊला यायची आणि मोठ्या जावेच्या उजव्या हाताला मागावर बसायची. खड्ड्याचा माग, त्यात चार पाय सोडलेले. पायाखालच्या दोन पावड्या दाबायचं काम उज्ज्वलाचं. पावडी दाबली की ताणलेले उभे धागे वर-खाली होऊन मध्ये फट पडते, त्या फटीतून आडवा धागा जातो. डाव्या अर्ध्यातली वेलबुट्टी उज्ज्वला भरायची, उजव्या अर्ध्यातली सारिका. आणि सासूबाईंनी या घरात एक रीत घालून दिली होती. संध्याकाळी विणलेलं कापड गुंडाळायच्या आधी दोघींनी एकमेकींच्या बाजूवरून बोट फिरवायचं. स्वतःच्या नाही. "आपली चूक आपल्या बोटाला लागत नाही," असं सासूबाई म्हणायच्या.

पितृपंधरवड्यात उज्ज्वलाच्या बोटाला सारिकाच्या बाजूला एक रेघ लागली. डोळ्यांना दिसणार नाही अशी बारीक. आडवा धागा जिथे खालून जायला हवा, तिथे पाच-सहा धाग्यांच्या वरूनच गेलेला. दुसऱ्या दिवशी दोन रेघा लागल्या.

"लक्ष कुठेय तुझं?" उज्ज्वला म्हणाली.

"माझं लक्ष इथेच आहे, अक्का. मला वाटतं पावडी पूर्ण दाबली जात नाहीये."

छत्तीस वर्षं पावडी दाबणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे आचाऱ्याला मीठ शिकवायचं. उज्ज्वलाचा पारा चढला. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली, आणि नुसती म्हणाली नाही, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. सारिका उठली, खड्ड्यातून पाय काढले, चपला घातल्या आणि गेली. दसऱ्याला मागाची पूजा असते. त्या पूजेलासुद्धा ती आली नाही. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी उज्ज्वला गाडीकडे गेली ती अशी.

*

गाडीतल्या यंत्राची गोष्ट थोडी समजून घ्यायला हवी. पूर्वी दोन वेगळी यंत्रं असायची. एक चुंबकाचं. ते शरीरातल्या पाण्यावरून आतलं चित्र काढायचं, मणका कुठे, चकती कुठे, मज्जारज्जू कुठे. दुसरं यंत्र भूक बघायचं. माणसाला किंचित किरणोत्सारी साखर टोचायची आणि ती कुठे जाऊन गोळा होते ते पाहायचं. कॅन्सरच्या पेशी मोठ्या अधाशी, पंगतीत पहिल्या बसतात आणि साखर ओढून घेतात. म्हणजे एक यंत्र घर दाखवायचं आणि दुसरं घरात कोण जेवतंय ते. पण चित्रं दोन दिवशी काढलेली, माणूस दोन तऱ्हांनी निजलेला, ती एकमेकांवर नीट बसायची नाहीत. या गाडीत दोन्ही यंत्रं एकाच नळकांड्यात होती आणि चित्रं एकाच वेळी निघायची.

तिसरी करामत नवी होती. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून पायांकडे निरोप नेणारी दोरी. ती मणक्यांच्या आत पाण्यात तरंगत असते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला केसभर हलते. मणक्यात गाठ वाढायला लागली की ती आधी त्या पाण्याची जागा खाते, मग दोरीला टेकते. टेकली की दोरीचं हलणं मंदावतं. माणसाला तेव्हा काही कळत नाही. तो चालतो, जिने चढतो, लग्नाला जाऊन जेवून येतो. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. आज पाय जड वाटतो आणि परवा उठताच येत नाही. एकदा गेलेले पाय परत येतील याची खात्री कुठलाच डॉक्टर देत नाही. हे यंत्र ते केसभर हलणं मोजायचं, गाठीची भूक मोजायची आणि दोन्हींचा मेळ घालून किती दिवस हातात आहेत ते सांगायचं.

उज्ज्वला चाळीस मिनिटं आत निजून होती. बाहेर आली तेव्हा गाडीवरच्या डॉक्टर अस्मिता गांगुर्डे पडद्यासमोर बसल्या होत्या. चाळिशीच्या, बोलायला मनमाडकडच्या.

"बसा काकू. पाठ कुठे दुखते?"

"मागावर बसणाऱ्याची दुखते तिथेच."

डॉक्टरांनी तिच्या पायांवर छोटी हातोडी मारून पाहिली, अंगठे वर करायला लावले, चालायला लावलं. सगळं जवळपास ठीक होतं. मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. मणक्यांच्या रांगेत वरून आठव्या जागी एक पिवळा ठिपका होता. शेजारी राखाडी दोरी हलत होती, ठोक्याठोक्याला, आणि ठिपक्यापाशी येऊन अडखळत होती.

"जुन्या आजाराचं बी आहे, या मणक्यात रुजलंय. साधारण पाच-सहा आठवड्यांपूर्वी दोरीला टेकलं असावं. यंत्राचा अंदाज आहे, अठरा ते चोवीस दिवस. आधी डावा पाय जाईल, मग उजवा."

"पण डॉक्टर, मला काही होत नाहीये."

"म्हणूनच तर बरंय. आज पाय आहेत तोवर ते वाचवता येतात. सूज उतरायच्या गोळ्या आजपासून घ्या आणि उद्या नाशिकला आमच्या दवाखान्यात या. पाच दिवस लाईट द्यायची, नेमकी त्या ठिपक्यावर." किरणांच्या उपचाराला आपल्याकडे सगळे लाईटच म्हणतात, डॉक्टरसुद्धा. "आणि एक गोष्ट. पाठ कोणाकडूनही चोळून किंवा मोडून घेऊ नका. मणका पोखरलाय."

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं, असं आपण म्हणतो. हे दुखणं मुंगीच्या पायांनी आलं होतं, आणि त्यामुळे उज्ज्वलाचा त्याच्यावर विश्वास बसेना.

*

तिचा नवरा विलास रेशीम रंगवायचा. त्याच्या बोटांचा जांभळा रंग लग्नापासून उतरला नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली रेशमाची लड खुंटीला अडकवली.

"यंत्रं सांगतात काहीतरी," तो म्हणाला. "तुला चालता येतंय ना? मग झालं."

"डॉक्टर म्हणाल्या उद्याच या."

"आठ वर्षांपूर्वी सहा महिने मी त्या दवाखान्याच्या बाकावर काढलेत, उज्ज्वला. मला परत तिथे बसायचं नाही. भीती वाटते मला." एवढं तो एरवी वर्षभरात बोलत नसे. मग जरा सावरून म्हणाला, "सकाळी हणमंत वस्ताद येणार आहेत पाठ बघायला. मी मागच्या आठवड्यातच सांगून ठेवलंय. त्यांचा हात फिरला की मोकळी होशील."

उज्ज्वलाने गोळ्यांचं पाकीट भिंतीतल्या देवळीत ठेवलं. मागावरच्या गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या पदराचे अकरा दिवस बाकी होते. अकरा दिवस काम, मग नाशिक. यंत्र अठरा म्हणतंय, म्हणजे सात दिवस पदरात उरतात. धागे मोजून जन्म गेलेल्या बाईला हा हिशेब अगदी बरोबर वाटला. खरं कारण वेगळं होतं. नाशिकला गेलं की ती पेशंट होणार होती, आणि माग सोडून पेशंट व्हायची तिची तयारी नव्हती.

सकाळी साडेसातला ती मागावर बसली. घरात शांतता होती. बरीच शांतता, कारण सारिका असली की तिची बडबड नऊपासून सुरू व्हायची. उज्ज्वलाने धागा फेकला, फणी ओढली आणि सहज, सवयीने, उजव्या बाजूवरून बोट फिरवलं.

रेघ लागली.

ती थांबली. तिने पुन्हा बोट फिरवलं. चार बोटं खाली दुसरी रेघ होती, त्याखाली तिसरी. या बाजूला तेरा दिवस सारिका बसलेली नव्हती. तेरा दिवस दोन्ही बाजू उज्ज्वला एकटीच भरत होती, आणि आपली चूक आपल्या बोटाने तपासायची नाही ही घरची रीत असल्यामुळे कोणीच बोट फिरवलं नव्हतं.

"अहो," तिने हाक मारली. "जरा इकडे या. हे धरा."

विलासने विणलेलं कापड गोल लाकडावरून सोडवून खिडकीसमोर धरलं. ऊन पाठीमागून आलं आणि रेघा दिसायला लागल्या. सगळ्या उजव्या अंगाला. वर, ताज्या कापडात, चार-चार बोटांवर. खाली, जुन्या कापडात, विरळ होत गेलेल्या. उज्ज्वला गुडघ्यांवर बसून मोजत गेली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज किती विणलं ते ती पेन्सिलीने टिपून ठेवायची. सगळ्यात खालची, सगळ्यात पहिली रेघ, एकाच धाग्याची आणि तेव्हा बोटाला न लागलेली, तिने त्या टिपणाशी लावून पाहिली. ती गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. पाच आठवडे आणि वर दोन दिवस.

"काय गं?" विलास म्हणाला.

ती परत मागावर बसली, डावी पावडी दाबली आणि त्याला म्हणाली, "फटीत बोटं घालून बघा, किती मावतात."

"तीन. जेमतेम."

तिने उजवी दाबली.

"चार. मोकळी."

डावा पाय तिला पूर्ण दाबल्यासारखा वाटत होता. पाय आपल्याशी खोटं बोलतो, हे त्या बाईला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. पावडी अर्धवट दाबली की फट आकसते, आणि या मागाची डावी पावडी अशी बांधलेली होती की फट आधी उजव्या टोकाला आकसायची. म्हणजे सारिकाच्या बाजूला. पाय उज्ज्वलाचा चुकायचा आणि रेघ जावेच्या पदरात पडायची. चोर सोडून तिने संन्याशाला फाशी दिली होती.

तेवढ्यात दारात हणमंत वस्तादांची काठी वाजली. सत्तरी ओलांडलेले, तालमीतले, अर्ध्या तालुक्याच्या पाठी त्यांनी गुडघा टेकवून कडाकड मोडलेल्या. त्यांनी चटई अंथरली, तिळाच्या तेलाची बाटली काढली. "पालथी हो पोरी."

"वस्ताद, पाठ मोडायची नाही," उज्ज्वला म्हणाली. आणि तिने त्यांना सगळं सांगितलं, यंत्र, ठिपका, रेघा, तीन बोटं आणि चार बोटं.

विलासला वाटलं म्हातारा चिडणार. वस्तादांनी तिला बाजेवर बसवलं, दोन्ही तळवे तिच्या पावलांना लावले आणि म्हणाले, "दाब."

"उजवा मला ढकलतोय," ते म्हणाले. "डावा नुसता टेकतोय. मी हाडाचा माणूस आहे, विलास. हे माझ्या हातातलं नाही. या पाठीवर मी गुडघा ठेवला असता तर काय झालं असतं, ते मला बोलवत नाही." त्यांनी बाटलीला बूच लावलं. "आज नेतोस की मी रिक्षा बोलावू?"

विलासने देवळीतलं पाकीट काढून गोळी तिच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या आणायला गेला.

*

"तुम्ही पिशवी भरा," गोळी घेतल्यावर उज्ज्वला त्याला म्हणाली. "मी एक काम करून येते."

दोन गल्ल्या. एरवी तीन मिनिटांची वाट. सारिका अंगणात कपडे वाळत घालत होती. मोठ्या जावेला बघून तिने चिमटे तोंडातून काढले नाहीत, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको.

"चूक सांगायला आलेय," उज्ज्वला म्हणाली. "रेघ तुझी नव्हती. माझ्या पायाची होती."

सारिकाने चिमटे काढले. "ते मी तेव्हाच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"पावडी नीट दाबली जात नाहीये, म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"नाचता येईना अंगण वाकडं."

"कशा आवाजात म्हणालात?"

"गल्लीला ऐकू जाईल अशा."

"समोरच्या वाडेकरीण बाईंनी मला दुसऱ्या दिवशी विचारलं, सारिका, तुला आता दिसत नाही का नीट? सव्वीस वर्षं बसले मी त्या मागावर, अक्का." तिचा आवाज चिरकला. तिने तो आवरायचा प्रयत्नही केला नाही. "पूजेला मी नव्हते तर मला बोलवायला एक माणूस पाठवला नाहीत तुम्ही."

"चुकलं माझं," उज्ज्वला म्हणाली. हे दोन शब्द तिने नवऱ्यालासुद्धा कधी दिले नव्हते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशातली ती. "चुकलं गं. आणि आता मला नाशिकला जायचंय. पाय जातील म्हणतात."

सारिका तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिची नजर खाली गेली आणि तिथेच अडकली.

"अक्का, डाव्या पायातली चप्पल कुठेय?"

उज्ज्वलाने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता, मातीने भरलेला, अंगठ्याजवळ कशाने तरी खरचटून रक्त आलेलं. चप्पल कुठे गळाली, कधी गळाली, काय टोचलं, तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मग मात्र ती घाबरली. गाडीत घाबरली नव्हती, रेघा मोजताना घाबरली नव्हती, आता ती ओटा धरून तिथेच बसली.

सारिका धावत गेली. गल्लीच्या वळणावर, गटाराच्या कडेला, ती चप्पल सापडली. तिने ती आणून जावेच्या पायात घातली, पट्टा घट्ट केला, आत जाऊन पाच मिनिटांत साडी बदलून पिशवी घेऊन आली.

"तू कशाला?"

"भाऊजींना रडायला येतं, त्यांना कोण बघणार? चला. माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेवा."

*

नाशिकच्या दवाखान्यात पाच दिवस लाईट दिली. रोज वीस मिनिटं, नेमकी त्या ठिपक्यावर. दुखत नाही, भाजत नाही, नुसतं हलायचं नाही. विलास बाकावर बसायचा आणि सारिका त्याच्या शेजारी बसून त्याला डब्यातलं संपवायला लावायची.

चौथ्या दिवशी सकाळी डावा पाय उठेना. उज्ज्वला त्याला मनातल्या मनात हुकूम देत होती आणि पाय परक्याचा असल्यासारखा पडून होता. डॉक्टर गांगुर्डे धावत आल्या, पुन्हा यंत्रात घातलं, पुन्हा दोरीचं हलणं मोजलं.

"लाईटने सूज आलीय," त्या म्हणाल्या. "गोळ्या वाढवते. दोरी हलतेय काकू, थांबलेली नाही. तुम्ही लगेच न येता अकरा दिवसांनी आला असतात, तर मला हे वाक्य बोलता आलं नसतं."

विलास व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. सारिका पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि तिने उज्ज्वलाचा डावा पाय मांडीवर घेतला. रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास ती आपला तळवा त्या तळव्याला लावून म्हणायची, "दाबा पावडी." काहीच दाबलं जायचं नाही. ती तरी म्हणायची. नवव्या दिवशी तिने म्हटलं, "दाबा," आणि तिच्या तळव्याला अंगठा लागला. अगदी हलका, पण लागला. सारिकाने कोणाला सांगितलं नाही, पुन्हा म्हणाली, "दाबा." पुन्हा लागला. मग तिने इतक्या जोरात "भाऊजी" म्हणून हाक मारली की नर्स धावत आली.

यंत्राने सांगितलेला अठरावा दिवस लक्ष्मीपूजनाचा निघाला. उज्ज्वला तीन दिवस आधी घरी आली होती, हातात काठी, कमरेला पट्टा. विणायची मनाई होती. रांगोळीची मनाई कोणी केली नव्हती, म्हणून ती संध्याकाळी अंगणात बसली. विलास बाजूला पणत्या लावत होता आणि दर मिनिटाला तिच्याकडे बघत होता. तिने ठिपके मांडले, रेघा जोडल्या, रंग भरले. आणि मग, काठी दूर राहिलीय हे विसरून, तशीच उठली. उठून उभी राहिल्यावर तिला कळलं की आपण उठलोय. विलासच्या हातातली पणती तिरकी झाली आणि तेल सांडलं.

"आजचा दिवस होता ना तो?" त्याने विचारलं.

"आजचाच," ती म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. आजार गेलेला नव्हता, त्याच्या गोळ्या आता जन्मभर होत्या, हे तिला माहीत होतं. पण पाय होते. दोन्ही.

*

पौषात गाडी पुन्हा आली. पडद्यावर पिवळा ठिपका विझून राखाडी झाला होता आणि शेजारून दोरी ठोक्याठोक्याला हलत होती, कुठेही न अडखळता. उज्ज्वला बराच वेळ बघत बसली. तिला ते बघून उठावंसंच वाटेना.

डॉक्टर गांगुर्डे त्या दिवशी गाडी सोडून तिच्या घरी आल्या. त्यांना ते कापड बघायचं होतं. खिडकीसमोर पसरून त्यांनी एकेका रेघेचा फोटो काढला, दिनदर्शिकेवरची टिपणं उतरून घेतली.

"आमचं यंत्र वर्षातून एकदा बघतं," त्या म्हणाल्या. "हे कापड रोज बघत होतं. यंत्र नुसतं पाच-सहा आठवडे म्हणालं, याने दिवस नेमका सांगितला. आता आम्ही तपासणीच्या आधी प्रत्येकाला त्याचं काम विचारणार आहोत. शिवणकाम करणाऱ्याची टीप वाकडी पडते का, ट्रॅक्टरवाल्याचा क्लच अर्धा दाबला जातो का. आणि ते त्याला नाही विचारायचं, त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारायचं."

"हे आमच्या सासूबाई केव्हाच सांगून गेल्या," उज्ज्वला म्हणाली.

"याचा एक तुकडा मिळेल का? दवाखान्यात लावायला?"

गिऱ्हाइकाला दुसरी पैठणी विणून द्यायचं ठरलं होतं, ही तशीही विकली जाणार नव्हती. उज्ज्वला कात्री शोधायला उठली. पण कापडावर सारिकाचा हात होता.

"कात्री लावायची नाही," ती म्हणाली. "ही मला पाहिजे. पदर पूर्ण करा आणि मला द्या."

"अगं, रेघा आहेत तिच्यात. चाळीस रेघा आहेत."

"म्हणूनच पाहिजे."

विणायची मनाई उठली होती, पदर दोघींनी मिळून पूर्ण केला. पावडी उज्ज्वलाचीच, पण सारिका दर तासाला फटीत चार बोटं घालून बघायची आणि मग पुढे जाऊ द्यायची. तिचा राग गेला की नाही ते तिने कधी सांगितलं नाही, मात्र बडबड नऊ वाजताच सुरू व्हायला लागली.

रथसप्तमीच्या आधी उज्ज्वलाकडे हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या, समोरच्या वाडेकरीण बाईसुद्धा. सारिका ती पैठणी नेसून आली. दारातून आत आली ती सरळ खिडकीपाशी गेली, पदर उन्हासमोर धरला आणि वाडेकरीण बाईंना जवळ बोलावलं. "या, बघा. दिसतात रेघा? माझ्या बाजूला आहेत. पण माझ्या नाहीत." मग पुढची बाई, मग तिच्या पुढची. प्रत्येकीला खिडकीशी नेऊन ती रेघ दाखवत होती आणि दर वेळी मान वळवून विचारत होती, "कोणाच्या आहेत, अक्का?"

आणि उज्ज्वला दर वेळी हातातलं तिळगुळाचं ताट खाली ठेवून, दोन्ही पायांवर नीट उभी राहून सांगत होती, "माझ्या गं बाई. माझ्या."